पोटाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी अँजिओ: फॉर्म हातात आल्यापासून रिपोर्टपर्यंत

‘सीटी अँजिओ अ‍ॅब्डोमेन’ एवढंच खरडलेला फॉर्म आला, तर पेशंटला टेबलावर घ्यायची घाई करू नका. आधी वॉर्डात फोन लावा आणि विचारा, नेमकं काय बघायचंय? फोनला दोन मिनिटं लागतात, पण पुढचं सगळं त्या उत्तरावर ठरतं. आतड्यातून रक्त जातंय म्हणून पाठवलं असेल, तर डाय (रक्त उजळ दाखवणारं आयोडीनचं औषध) न देता एक साधा स्कॅन आधी घ्यावाच लागतो. किडनीदात्याची तपासणी असेल, तर धमन्यांइतक्याच शिराही बघायच्या असतात. पोर्टल व्हेनमध्ये (आतड्याकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेत) गुठळी आहे का हे विचारलं असेल, तर आर्टेरियल फेज (डाय धमन्यांत असतानाचा स्कॅन) कितीही देखणा येवो, त्यात उत्तर नसतं. मशीन तेच, डायही तोच, बदलते ती फोटो घ्यायची वेळ. ती चुकली तर पेशंटला पुन्हा डाय, पुन्हा रेडिएशन आणि पुन्हा बिल.

जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या सीटी सेंटरमध्ये नव्याने लागलेले टेक्निशियन आणि रेडिओलॉजीच्या पहिल्या वर्षातले रेसिडेंट डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिलं आहे. नातेवाईकांनी वाचलं तरी हरकत नाही, आत काय चालतं ते कळेल. आकडे मोठ्या माणसांचे आहेत आणि सुरुवात कुठून करायची एवढंच ते सांगतात. तुमच्या सेंटरचा प्रोटोकॉल आणि तुमचे रेडिओलॉजिस्ट यांचा शब्द शेवटचा.

डाय का लागतो

साध्या सीटीत वाहतं रक्त साधारण 40 हाउन्सफील्डचं (सीटीतला उजळपणा मोजायचं एकक) दिसतं, आणि रक्तवाहिनीची भिंत, शेजारचा स्नायू, आतडं हेही त्याच्याच आसपास. त्यामुळे नळी कुठे संपली आणि भिंत कुठे सुरू झाली ते कळत नाही. पेशंटला चांगलाच अ‍ॅनिमिया असेल तर मात्र एओर्टातलं (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीतलं) रक्त भिंतीपेक्षा काळसर दिसतं, आणि हिमोग्लोबिनचा रिपोर्ट यायच्या आधीच अंदाज येतो. शिरेतून आयोडीनचा डाय गेला की धमनीतलं रक्त 250 ते 300 हाउन्सफील्डच्या वर जातं आणि नळी उजळून वेगळी दिसते.

हे काम पूर्वी फार कष्टाचं होतं. 1929 मध्ये लिस्बनच्या रेनाल्डो दोस सान्तोस यांनी पाठीतून थेट एओर्टात सुई घालून पोटाच्या धमन्यांचे फोटो काढले. 1953 मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी तारेवरून कॅथेटर सरकवण्याची पद्धत दिली, आणि मांडीतून अँजिओग्राफी करणं सोपं झालं. 1989 च्या सुमारास स्पायरल सीटी आला, अख्खं पोट एका श्वासात स्कॅन होऊ लागलं आणि हाताच्या शिरेतून दिलेल्या डायवर काम भागायला लागलं. आता कॅथेटर बहुतेक वेळा उपचारासाठीच जातो. निदान आपल्या टेबलावर होतं.

नकाशा डोक्यात हवा, नाहीतर ट्रॅकर (डाय पोचला का ते टिपणारा गोल) कुठे ठेवायचा आणि स्कॅन कुठे संपवायचा हे कळणार नाही. एओर्टा बाराव्या छातीच्या मणक्यापाशी पोटात येते आणि कमरेच्या चौथ्या मणक्यापाशी पायांकडे जाणाऱ्या दोन इलियाक धमन्यांमध्ये फुटते. समोरून तीन फांद्या निघतात: सिलिअ‍ॅक ही यकृत, जठर आणि प्लीहेला, तिच्या लगेच खाली एसएमए (सुपीरियर मेसेंटेरिक धमनी) ही लहान आतडं आणि उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्याला, आणि बरीच खाली, तिसऱ्या मणक्यापाशी, बारीकशी आयएमए (इन्फीरियर मेसेंटेरिक धमनी). किडनीच्या धमन्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर दोन्ही बाजूंना. हे झालं पुस्तकातलं. प्रत्यक्षात चार-पाच जणांमागे एकाच्या तरी किडनीला जादा धमनी सापडते, आणि उजव्या यकृताची धमनी एसएमएमधून निघालेली बऱ्याच जणांत दिसते. पेशंटला त्याचं काही नसतं, पण सर्जनला आधी माहीत नसेल तर ऑपरेशनच्या टेबलावर पंचाईत होते.

पहिली पायरी: प्रश्न कोणता, फेज कोणते

पोटातून रक्त जात असेल (काळी शी, लाल रक्त, बीपी उतरलेलं) तर तीन फेज: प्लेन (डायशिवाय), आर्टेरियल आणि 70 ते 90 सेकंदांवरचा व्हीनस (डाय शिरांत असतानाचा). प्लेन वाचवायचा मोह होतो, पण आतड्यातली गोळी, जुना बेरियम, एंडोस्कोपीत लावलेली क्लिप हे सगळं पांढरंच दिसतं. प्लेनमध्ये नसलेला पांढरा ठिपका आर्टेरियलमध्ये उमटला आणि व्हीनसमध्ये पसरून आकार बदलला, तर ते रक्त. मिनिटाला साधारण 0.3 मिलिलिटर एवढा स्रावही सीटीत पकडता येतो, पण रक्त त्या क्षणी वाहत असायला हवं. म्हणून असा पेशंट ‘उद्या सकाळी बघू’वर ठेवू नका. रक्तस्राव थांबल्यावर केलेला स्कॅन निर्मळ येतो आणि सगळ्यांचा गोंधळ वाढवतो. या तपासणीत तोंडावाटे डाय मुळीच द्यायचा नाही. पांढऱ्या आतड्यात पांढरं रक्त शोधणार कसं?

आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्याची शंका असेल तर आर्टेरियल आणि व्हीनस दोन्ही लागतात, कारण गुठळी धमनीत असेल किंवा शिरेत. आतड्याची भिंत रक्त घेतेय की नाही हेही व्हीनसमध्येच नीट कळतं.

एओर्टा फुगल्याचं पहिल्यांदाच कळलं असेल तर एक प्लेन आणि एक आर्टेरियल पुरतो. फुगवट्याच्या भिंतीतली किंवा गुठळीतली ताज्या रक्ताची पांढरी चंद्रकोर प्लेनमध्येच दिसते, आणि ती दिसली की फुगवटा फुटायच्या बेतात आहे असं समजून लगेच सर्जनला कळवायचं. आत स्टेंट ग्राफ्ट (फुगवट्याच्या आतून बसवलेली कापडी नळी) बसवलेला असेल तर प्लेन आणि आर्टेरियलखेरीज दोन ते पाच मिनिटांचा डिले (उशिराचा फेज) घ्या. काही गळती इतकी सावकाश भरते की आर्टेरियलमध्ये तिचा पत्ता नसतो.

ताकायासू आर्टेरायटिस (मोठ्या धमन्यांच्या भिंतीला येणारी सूज) हा आपल्याकडे विसरून चालणार नाही असा आजार. मिकिटो ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञाने 1908 मध्ये तो प्रथम मांडला. भारतीय पेशंटमध्ये तो पोटातल्या एओर्टाला आणि किडनीच्या धमन्यांना बऱ्याचदा धरतो. विशी-तिशीतली मुलगी, बीपी आटोक्यात येत नाही, एका हाताची नाडी लागत नाही, असा कागद आला तर फक्त पोट स्कॅन करू नका. मानेच्या धमन्यांपासून खाली घ्या, आणि उशिराचा एक फेज जोडा, कारण सुजलेली भिंत तेव्हाच उजळते. आर्टेरियलमध्ये फक्त अरुंद झालेली नळी दिसते, का अरुंद झाली ते दिसत नाही.

किडनीदाता धडधाकट माणूस असतो, त्याला रेडिएशन देताना हात आखडताच ठेवायचा. खड्यांसाठी कमी डोसचा प्लेन, मग आर्टेरियल, मग शिरांचा फेज, आणि मूत्रवाहिन्यांसाठी शेवटी बऱ्याच ठिकाणी नुसता स्काऊट (एक्स-रेसारखा साधा फोटो) घेऊनही भागवतात. डाव्या किडनीची शीर लांब असते म्हणून सर्जनना सहसा डावी किडनी हवी असते, तेव्हा ती शीर एओर्टाच्या मागून तर जात नाही ना हे आवर्जून बघा.

पोर्टल व्हेनचा प्रश्न असेल तर 65 ते 70 सेकंद. एवढंच.

प्रत्येक जादा फेज म्हणजे जादा डोस. पोट-ओटीपोटाच्या एका फेजला साधारण 8 ते 10 मिलिसिव्हर्ट जातात, तर निसर्गातून माणसाला वर्षभरात सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात. ‘असू दे, घेऊन टाक’ म्हणून चौथा फेज मारायची सवय लावून घेऊ नका.

दुसरी पायरी: डाय द्यायचा का, कुणाला जपून

क्रिएटिनिनचा रिपोर्ट बघा, पण नुसत्या क्रिएटिनिनवर थांबू नका, त्यावरून ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) काढा. म्हाताऱ्या, हडकुळ्या बाईचं क्रिएटिनिन 1.3 असलं तरी किडनी निम्म्यावर आलेली असू शकते. ईजीएफआर 30 च्या वर आणि स्थिर असेल तर धोका फार कमी. त्याखाली असेल, किंवा किडनी नुकतीच बिघडली असेल, तर पाठवणाऱ्या डॉक्टरांशी बोला, सलाईन द्यायचं का ते ठरवा, डाय जेमतेम पुरेसा ठेवा. पेशंट आधीच डायलिसिसवर असेल आणि लघवी होतच नसेल तर डाय देता येतो आणि त्याच्यासाठी म्हणून तातडीचं डायलिसिस लागत नाही.

मेटफॉर्मिनबद्दल आपल्याकडे सरसकट ‘दोन दिवस बंद’ सांगायची पद्धत आहे. ईजीएफआर 30 च्या खाली असेल किंवा किडनीला ताजी इजा असेल, तर तपासणीच्या वेळी थांबवून 48 तासांनी किडनी बघून पुन्हा सुरू करायचं. बाकीच्यांना बंद करायची गरज नसते. उगाच बंद केली की साखर चढते.

अ‍ॅलर्जी विचारताना ‘अ‍ॅलर्जी आहे का?’ एवढंच विचारलंत तर ‘वांग्याची आहे’ असं उत्तर येतं. विचारायचं असं: आधी कधी सीटीचं इंजेक्शन घेतलं होतं का, तेव्हा अंगावर गांधी, धाप, घशाला आवळल्यासारखं झालं होतं का? आधीची रिअ‍ॅक्शन हाच सगळ्यात मोठा धोका. दमा किंवा इतर अ‍ॅलर्जी असेल तर धोका थोडा वाढतो. मासे-कोळंबी सोसत नाही किंवा बेटाडाइनने कातडी लाल होते याचा डायशी खास संबंध नाही, तरी कोकण-गोव्याकडच्या पेशंटला या कारणावरून परत पाठवलेलं अजून ऐकायला मिळतं. आधी रिअ‍ॅक्शन आलेली असेल आणि तपासणी टाळण्यासारखी नसेल, तर रेडिओलॉजिस्ट डाय बदलून देतात आणि स्टेरॉइडची तयारी करून घेतात. त्यातली एक नेहमीची पद्धत म्हणजे 13, 7 आणि 1 तास आधी प्रेडनिसोलोन 50 मिलिग्रॅम आणि शेवटच्या डोसबरोबर अँटिहिस्टामिन. तयारी केली म्हणून निर्धास्त राहायचं नाही, तरीही रिअ‍ॅक्शन येऊ शकते.

बाई मूल होण्याच्या वयातली असेल तर पाळीची तारीख विचारा, आणि विचारताना सासूला बाहेर थांबवा. अंगावर पाजणाऱ्या आईने डायनंतर दूध तोडायची गरज नाही, दुधात उतरणारा डाय अगदी नगण्य असतो. उपाशी ठेवणं चार तासांपुरतं आणि तेही सेंटरची रीत म्हणून. पाणी पिऊ द्या. सकाळपासून कोरड्या घशाने बसवलेल्या मधुमेही पेशंटचं भलं होत नाही.

जीवघेण्या तातडीच्या पेशंटमध्ये क्रिएटिनिनची वाट बघायची नाही. आतडं काही तासांत मरतं.

कन्सेंट पेशंटला कळेल अशा भाषेत समजावून घ्या. आणि अ‍ॅड्रेनलिनची अ‍ॅम्प्युल कुठे ठेवली आहे हे रोज सकाळी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. गंभीर रिअ‍ॅक्शनला पहिलं औषध तेच: 1 मिलिलिटरमध्ये 1 मिलिग्रॅम असलेल्या अ‍ॅम्प्युलमधून 0.3 ते 0.5 मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. अ‍ॅव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन त्यानंतर.

तिसरी पायरी: सुई

निम्मा अँजिओ इथेच जमतो किंवा बिघडतो. कोपराच्या खळग्यातली शीर, शक्यतो उजवी. हिरवी 18 ची व्हेनफ्लॉन मिळाली तर उत्तम, गुलाबी 20 ची चालते, सेकंदाला 4 मिलिलिटर ती आरामात सोसते. मनगटाच्या मागची निळी 22 ची घेऊन वॉर्डातून पेशंट येतो, सिस्टर म्हणतात ‘लाईन आहे की’. ती लाईन सलाईनची, तिच्यावर 4 चा फ्लो मारू नका. नवी सुई लावा. डायलिसिसच्या फिस्टुलाचा (त्यासाठी धमनी-शीर जोडलेला) हात सोडून द्या. सेंट्रल लाईन असेल तर ती प्रेशर इंजेक्शनसाठी आहे असं तिच्यावर लिहिलेलं असेल तरच वापरा.

सुई लावली की 10-20 मिलिलिटर सलाईन हाताने जोरात ढकलून बघा आणि दुसऱ्या हाताची बोटं शिरेवर ठेवा. फुगवटा आला, पेशंटने हात आखडला, तर तिथेच थांबा. नळीतली हवा काढलीय का हे दोनदा बघा. डायची बाटली वॉर्मरमध्ये अंगाच्या तापमानाला आणलेली असेल तर तो पातळ होतो आणि प्रेशर कमी लागतं. थंडीच्या दिवसात हा फरक इंजेक्टरच्या (डाय ढकलणाऱ्या यंत्राच्या) प्रेशर ग्राफवर दिसतो.

चौथी पायरी: टेबलावर

पाय आधी, हात डोक्यावर, कमरेचा करगोटा, पट्टा, नाड्याची पिन काढलेली. गरम वाटेल, तोंडाला धातूसारखी चव येईल, लघवी झाल्यासारखं वाटेल पण होत नाही, हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर ऐन आर्टेरियलच्या वेळी माणूस दचकून उठायला बघतो.

श्वासाचं थोडं सविस्तर सांगतो. मशीनमध्ये भरलेला आवाज बहुतेक ठिकाणी इंग्रजी किंवा हिंदी असतो. सातारा-बीडकडच्या आजींना ‘ब्रीद इन’ कळत नाही, ‘साँस अंदर लीजिए’ कळेपर्यंत स्कॅन निम्मा होऊन गेलेला असतो. बऱ्याच मशीनमध्ये आपला आवाज रेकॉर्ड करून ठेवायची सोय असते, तिचा उपयोग करा. सावकाश, मोठ्याने: ‘श्वास घ्या... धरून ठेवा... हलू नका.’ मग चार सेकंदांचा अवकाश. आणि सुई लावायच्या आधी एकदा तालीम: ‘आजी, मी म्हणेन तेव्हा श्वास धरायचा, सोडा म्हणेपर्यंत सोडायचा नाही. करून दाखवा बरं.’ तालमीत पोट हलताना दिसलं तर खोल श्वास सांगू नका, साधाच श्वास धरायला सांगा.

एक अपवाद. सिलिअ‍ॅक धमनीवर श्वासपटलाच्या लिगामेंटचा दाब येतोय का, असा प्रश्न असेल तर स्कॅन श्वास सोडून घ्या. सोडलेल्या श्वासात तो दाब वाढतो आणि बाजूच्या दृश्यात धमनी हुकासारखी वाकलेली दिसते. कसलाही त्रास नसलेल्या बऱ्याच लोकांतही असा थोडा दाब दिसतो, त्यामुळे निव्वळ चित्र बघून निदान करायचं नसतं.

पाचवी पायरी: डाय आणि ट्रिगर

60 किलोचा माणूस, 64 स्लाइस मशीन (एका फेरीत 64 काप घेणारं) आणि 350 चा डाय (1 मिलिलिटरमध्ये 350 मिलिग्रॅम आयोडीन असलेला) धरू. किलोमागे साधारण 1 ते 1.5 मिलिलिटर या हिशोबाने 80 मिलिलिटर घेतला आणि सेकंदाला 4 मिलिलिटरने सोडला, म्हणजे इंजेक्शन 20 सेकंद चालेल. त्याच्या मागे 30 ते 40 मिलिलिटर सलाईन त्याच वेगाने, म्हणजे नळीत आणि दंडाच्या शिरेत अडकलेला डायही पुढे ढकलला जातो. 350 चा डाय 4 च्या वेगाने म्हणजे सेकंदाला 1.4 ग्रॅम आयोडीन. धमनी किती उजळणार ते मुख्यत्वे या आकड्यावर ठरतं. शीर नाजूक म्हणून वेग 3 वर आणावा लागला तर 370 चा किंवा 400 चा डाय घेऊन थोडी भरपाई करता येते.

दुसरी भरपाई केव्हीची (एक्स-रे ट्यूबच्या व्होल्टेजची). आयोडीन कमी केव्हीला जास्त उजळ दिसतं, म्हणून सडपातळ पेशंटला 120 सोडून 100 वर या, अगदी बारीक असेल तर 80. तेवढ्याच डायमध्ये धमनी जास्त चमकते, डोस उतरतो, किडनी अशक्त असेल तर डायही कमी करता येतो. आपल्याकडचे पेशंट बरेचदा 45-50 किलोचे असतात आणि त्यांच्यावर 120 चा छापील प्रोटोकॉल तसाच चालवलेला दिसतो. हे बदलायला एक क्लिक लागते.

आता ट्रॅकर. एओर्टाच्या मधोमध, श्वासपटलाच्या जरा खाली, सिलिअ‍ॅकच्या पातळीवर छोटा गोल ठेवा. भिंतीतल्या कॅल्शियमवर ठेवलात तर मशीन डाय यायच्या आधीच सुटेल. गुठळीवर ठेवलात तर सुटणारच नाही. डिसेक्शनमध्ये (धमनीची भिंत आतून फाटल्यावर) दोन पोकळ्या असतात, आणि खोट्या पोकळीत डाय उशिरा येतो किंवा कमी येतो, तेव्हा आकड्याकडे नाही, चित्राकडे बघा आणि हाताने सोडायची तयारी ठेवा.

इंजेक्शन सुरू करून 8-10 सेकंदांनी ट्रॅकिंगची चित्रं येऊ लागतात. 42, 44, 43, मग 58, 96, 150. साधारण 150 ही उंबरठ्याची पातळी. तिथून पुढे किती थांबायचं, यात नवीन माणूस हमखास अडखळतो. जुन्या 16 स्लाइस मशीनला पोट-ओटीपोट स्कॅन करायला 12-15 सेकंद लागतात, तिथे श्वासाची सूचना देऊन लगेच, चार-पाच सेकंदांत सुरू करा. 128 स्लाइसला तेच काम चार-पाच सेकंदांचं. तिथे लगेच सोडलंत तर टेबल डायच्या पुढे पळतं: एओर्टाचा वरचा भाग लख्ख आणि इलियाक धमन्या मळक्या. म्हणून जलद मशीनवर उंबरठ्यानंतर 8 ते 10 सेकंद थांबा. मशीन जेवढं जलद, तेवढा धीर जास्त.

हृदय अशक्त असेल तर डाय यायला उशीर होतो, 30-35 सेकंद आकडा हलत नाही आणि टेक्निशियन घाबरतो. हातावर सूज नाही आणि इंजेक्टरचा ग्राफ नीट आहे, तर थांबा, डाय येतोय. मोठ्या फुगवट्यातही रक्त आत घोळत राहतं आणि खालच्या धमन्या उशिरा भरतात. अशा पेशंटला ठरावीक सेकंदांचा डिले लावून स्कॅन करू नका.

पहिल्या पाच-सात सेकंदांत कुणीतरी सुईच्या हातापाशी उभं राहून बोटाने चाचपून बघावं, मगच आत यावं. डाय बाहेर पडताना दिसला तर इंजेक्टर थांबवा, हात उंच धरा, शेक द्या, आणि बोटांची हालचाल, मुंग्या, नाडी बघत राहा. वेदना वाढत असेल किंवा बोटं बधिर होत असतील तर सर्जनला बोलवा.

सहावी पायरी: पेशंट उतरवायच्या आधी

सगळे फेज झाले तरी पेशंटला टेबलावरच ठेवा आणि कन्सोलवर वरपासून खालपर्यंत एकदा चित्रं फिरवा. इलियाकपर्यंत डाय पोचला का, श्वास हलला का, विचारलेली नस कडेला कापली तर गेली नाही. रक्तस्रावात काही संशयास्पद दिसलं आणि पक्कं होत नसेल तर आणखी एक उशिराचा फेज आत्ताच घेता येतो, पेशंट लिफ्टमध्ये गेल्यावर नाही. उतरवल्यावर अर्धा तास सुई तशीच ठेवून बाहेर बसवा. बहुतेक गंभीर रिअ‍ॅक्शन याच वेळात येतात. हृदयाची किंवा किडनीची बंधनं नसतील तर भरपूर पाणी प्यायला सांगा.

सातवी पायरी: वर्कस्टेशनवर

0.6 ते 1 मिलिमीटरची पातळ स्लाइस, एकमेकींवर थोडी चढलेली. जाड स्लाइसवर एसएमएच्या फांद्या बघू नका. विंडो रुंद ठेवा, 700 च्या आसपास, नाहीतर कॅल्शियम आणि डाय एकच पांढरा गोळा दिसतो.

रंगीत थ्रीडी चित्र सगळ्यांना आवडतं. नातेवाईक मोबाइलवर त्याचा फोटो घेतात, डॉक्टर फिल्मवर तेच मागतात. निदान मात्र त्यावर करायचं नाही. कॅल्शियमने मढलेली धमनी थ्रीडीत भरलेली दिसते, गुठळी तर दिसतच नाही, आणि हाडं काढून टाकताना सॉफ्टवेअर शेजारची नसही कापून टाकतं. आधी मूळ आडवे काप, मग बाजूचं दृश्य (सिलिअ‍ॅक आणि एसएमएची सुरुवात तिथेच कळते), मग एमआयपी (फक्त सगळ्यात उजळ बिंदू दाखवणारं चित्र), मग नळीच्या रेषेवर वाकवलेलं चित्र. थ्रीडी शेवटी, सर्जनला दिशा दाखवायला.

एसएमए बघताना फक्त मुळाशी बघून थांबू नका. हृदयातून सुटलेली गुठळी मुळापाशी क्वचित अडकते. ती काही सेंटिमीटर पुढे, पहिल्या फांद्या निघून गेल्यावर नळी अरुंद होते तिथे जाऊन बसते. आडव्या कापांत मूळ छान भरलेलं दिसतं, माणूस पुढे सरकतो आणि निदान हातचं जातं. जुनाट चरबीमुळे झालेली गुठळी याउलट मुळाशीच असते. झडपेचा जुना आजार, नाडी अनियमित, पोट मऊ पण वेदना असह्य, असा पेशंट असेल तर एसएमए टोकापर्यंत एकेक काप करून चाला. मग आतडं बघा: भिंत उजळत नाही, भिंतीत हवा, यकृताच्या कडेपर्यंत पोर्टल शिरांत हवा. असं दिसलं तर रिपोर्ट टाइप व्हायची वाट बघू नका, सर्जनला फोन करा आणि फोन केल्याची वेळ रिपोर्टात लिहा.

फुगलेल्या एओर्टाचं माप आडव्या कापावर घेतलं की वाकड्या नळीत ते जास्त येतं. नळीच्या मध्यरेषेला काटकोनात, बाहेरच्या भिंतीपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत मोजा. किडनीच्या खाली साधारण 2 सेंटिमीटरची एओर्टा 3 च्या वर गेली की फुगवटा म्हणायचं. पुरुषांत 5.5 आणि बायकांत 5 सेंटिमीटरच्या आसपास सर्जन दुरुस्तीचा विचार करतात. स्टेंट ग्राफ्ट बसवायचा असेल तर त्यांना पुढचे आकडे लागतात: किडनीच्या धमन्यांखाली निरोगी मानेची (फुगवट्याच्या वरच्या न फुगलेल्या भागाची) लांबी, तिची रुंदी, तिचा कोन, इलियाक धमन्यांची रुंदी आणि वाकडेपणा. हे आकडे नसतील तर रिपोर्ट त्यांच्या उपयोगाचा नाही.

दोन फसव्या जागा सांगून ठेवतो. आर्टेरियल फेजमध्ये प्लीहा पट्ट्यापट्ट्यांची दिसते, झेब्र्यासारखी. तिच्यात वेगवेगळ्या वाटांनी रक्त वेगवेगळ्या वेगाने भरतं म्हणून तसं होतं. अपघाताच्या पेशंटमध्ये तिला फाटलेली प्लीहा म्हणू नका, व्हीनस फेज बघा, पट्टे गेलेले असतील. दुसरी आयव्हीसीची (पोटातून हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेची). 60-70 सेकंदांना किडनीकडून आलेलं उजळ रक्त आणि पायांकडून आलेलं डाय नसलेलं रक्त तिथे भेटतं, आणि मधोमध काळा लोळ दिसतो, हुबेहूब गुठळी. खात्री करायची असेल तर दीड-दोन मिनिटांनी पुन्हा बघा. बड-कियारीच्या (यकृताच्या शिरा बंद होण्याच्या) शंकेने पाठवलेल्या पेशंटला हा उशिराचा फेज आधीच ठरवून घ्या.

दारूने स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेल्या पेशंटमध्ये प्लीहेच्या धमनीवर आणि ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या) पहिल्या भागामागून जाणाऱ्या गॅस्ट्रोड्युओडेनल धमनीवर खोटा फुगवटा (भिंत फाटून बाहेर साचलेला रक्ताचा कप्पा) शोधा. पाण्याची गाठ म्हणून सोडून दिलेल्या गोळ्याच्या आत डाय भरलेला दिसला तर कुणी त्यात सुई घालायच्या आत कळवा.

शेवटी सीडी. मोठ्या शहरात रेफर होणाऱ्या पेशंटच्या हातात बहुधा फिल्म आणि जाड, 5 मिलिमीटरची चित्रं भरलेली सीडी असते, आणि तिथल्या डॉक्टरांना त्यावरून ग्राफ्टचं माप काढता येत नाही. मग स्कॅन पुन्हा होतो. पातळ स्लाइसची आर्टेरियल सीरीज डायकॉममध्ये (सीटीच्या मूळ फाइलींच्या स्वरूपात) सीडीत टाका, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडते का ते बघा, आणि डाय कोणता, किती, कुठल्या वेगाने दिला आणि पेशंटला तो कसा सोसला, हे पाकिटावर लिहून द्या.